चुका न करणाऱ्या चार बायका

माणसाला टेनिस शिकवता येतं की नाही, हे ठरवायला जर्मनीत एक कागद लागतो. आमच्या बाईंकडे तो नव्हता. ज्या बाई वीस वर्षं टेनिस खेळून जगल्या, विमानतळावरच्या बाकांवर झोपल्या आणि हॉटेलांच्या बेसिनमध्ये मोजे धूत जगभर फिरल्या, त्या बाईंकडे. हे वाक्य लिहिताना मी दोनदा कागद फाडला, आणि वयामुळे चिडचिड होते असं आमचे हे म्हणतात, ते खोटं आहे.

बाई म्हणजे आमच्या टेनिस क्लबच्या प्रशिक्षक. मूळच्या इटलीच्या, वय अठ्ठावन्न, बांधा लहानखुरा, गळ्यात सोन्याची बारीक साखळी आणि चालताना वाजणारे दोन गुडघे. मी लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात काम करते आणि तिथून अर्ध्या तासावर द्राक्षमळ्यांच्या कडेला एका गावात राहते. गावात लाल मातीची सहा कोर्टं, एक क्लबहाउस, आणि क्लबहाउसच्या माडीवर दोन खोल्यांचं घर. ते घर प्रशिक्षकासाठी. बाई त्यात सोळा वर्षं राहत होत्या. कारकिर्दीच्या शेवटी त्या एका जर्मन क्लबच्या संघातून उन्हाळ्यातले रविवार खेळायला आल्या. इथे बाहेरच्या देशांतले खेळाडू असे बोलावतात. मग गुडघे गेले आणि त्या इथेच राहिल्या.

मी त्यांना बाई म्हणते, कारण आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला दुसरं काही म्हणायची पद्धत नाही. अर्थ सांगितल्यावर त्यांना तो इतका आवडला, की क्लबातल्या जर्मन बायकाही त्यांना बाई म्हणायला लागल्या. त्या मला ‘दोत्तोरेस्सा’ म्हणतात. रसायनशास्त्रातल्या माझ्या डॉक्टरेटचा असा गोड उच्चार माझ्या सासरच्यांनीही कधी केला नाही.

तर कागद. क्लबला नवा अध्यक्ष आला. नवा माणूस आला की तो आधी फायली उघडतो. फायलीत बाईंचं प्रशिक्षकाचं लायसन्स सापडेना, कारण ते नव्हतंच. सोळा वर्षं कुणी विचारलंही नव्हतं. अध्यक्षाने फार सभ्य भाषेत पत्र लिहिलं: मेमध्ये हंगाम सुरू होईल तेव्हा लायसन्स असलेलीच व्यक्ती शिकवू शकेल, आणि माडीवरचं घर त्या व्यक्तीला दिलं जाईल. शेजारच्या गावातला एक तरुण लायसन्ससकट तयार होता. म्हणजे काम आणि छप्पर, दोन्ही एका कागदाला टांगलेलं.

मी म्हटलं, यात काय अवघड आहे. जुन्या व्यावसायिक खेळाडूंना परीक्षेतून सूट असते, फक्त पुरावा द्यायचा. बाईंकडे पुराव्यांनी भरलेला एक बुटांचा खोका होता. पिवळी पडलेली कात्रणं, लहानपणी जिंकलेली चांदीची तबकडी, आणि एक फोटो, ज्यात त्या एका फार मोठ्या खेळाडूशी हस्तांदोलन करताहेत. तो सामना बाईंनी जिंकला होता. मोठ्या स्पर्धेत, कडेच्या कोर्टावर, जेमतेम तीसेक लोकांसमोर. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की त्या मोठ्या खेळाडूचं पोट बिघडलं होतं. अख्ख्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा विजय, आणि तो दुसरीच्या पोटाच्या नावावर. बाई हे हसत सांगायच्या. मी मात्र दर वेळी नव्याने संतापायचे.

कोर्स चालवणाऱ्या कार्यालयात मी स्वतः फोन केला, कारण बाईंचं जर्मन रागावल्यावर इटालियन होतं. तिकडची बाई म्हणाली, कात्रणं म्हणजे नाखवाइस नव्हे. नाखवाइस म्हणजे पुरावा, पण जर्मनीतला पुरावा वेगळा असतो. तो तुमच्याजवळ असून चालत नाही, दुसऱ्या कार्यालयाने दिलेला असावा लागतो. मग इटलीहून पत्र मागवलं. ते इटालियनमध्ये आलं. शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडून त्याचं भाषांतर करून घेतलं, त्यांनी ते सावकाश केलं. आणि सगळं हातात आलं तेव्हा फ्रिस्ट, म्हणजे मुदत, तीन दिवसांपूर्वी संपली होती.

“म्हणजे तीन दिवस आधी त्यांना टेनिस येत होतं आणि आता येत नाही?” मी फोनवर विचारलं.

“गेनाऊ,” ती म्हणाली. अगदी बरोबर. शांतपणे. हा शब्द मी तिला अजून माफ केलेला नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी काही कागदाची वैरीण नाही. माझे वडील वर्ध्याजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते आणि आमच्या वस्तीत पहिले पदवीधर. ते सांगायचे, आपल्या माणसाला कुणी नुसतं बघून खुर्ची देत नाही. कागद काढून ठेवला की मग कुणाची बोलायची हिंमत होत नाही. त्या एका वाक्यावर मी एमएस्सी केली, डॉक्टरेट केली, समुद्र ओलांडला. कागदाने मला कधी दगा दिला नाही. म्हणून तर जास्त चीड आली. माझ्याच बाजूच्या माणसाने माझ्याच बाईंना दारात अडवलं होतं.

बाईंनी मुकाट्याने पूर्ण कोर्सला नाव घातलं. सहा शनिवार-रविवार. शिकवायला सव्वीस वर्षांचा एक गोरटेला मुलगा, तो बाईंना रॅकेट कशी धरायची ते सांगत होता आणि बाई वहीत लिहून घेत होत्या. मी ती वही पाहिली. “उजवा हात: हस्तांदोलन केल्यासारखा धरावा,” आणि खाली इटालियनमध्ये काहीतरी होतं, ज्याचा अर्थ त्यांनी सांगितला नाही.

लेखी परीक्षेची जबाबदारी मी घेतली. स्नायूंची नावं, क्लबचे कायदे, प्रथमोपचार. आपल्याकडे दहावीला करतात तशी मी अपेक्षित प्रश्नांची चिठ्ठ्यांची गड्डी बनवली आणि पोह्यांच्या बशीवर बाईंकडून घोकून घेतली. बाई पास झाल्या. फटके मारून दाखवायची परीक्षाही झाली. त्यांचा एका हाताने मारलेला बॅकहँड बघताना परीक्षक गुण लिहायचेच विसरले आणि आणखी चार मारायला लावले. उरली शेवटची पायरी, लेअरप्रोबे. परीक्षकासमोर वीस मिनिटं खरोखर वर्ग घेऊन दाखवायचा. विद्यार्थी आपापले आणायचे, नवशिके हवेत. विषय आठवडाभर आधी मिळाला: व्हॉली. चेंडूचा टप्पा पडायच्या आत, जाळ्याजवळ उभं राहून मारायचा फटका.

विद्यार्थी म्हणजे मंगळवारच्या आम्ही चौघी: मी, एक दंतवैद्य, बेकरीची मालकीण आणि शाळेतली एक कारकून. चौघींना व्हॉली येत नव्हती. बेकरीवाली तर चेंडू आला की डोळेच मिटायची.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

आमच्या शाळेत तपासणी असायची. विस्तार अधिकारी जीपने यायचे. त्याच्या आधी आठवडाभर वडील आम्हाला प्रश्न आणि उत्तरं पाठ करून घ्यायचे. उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. पण हात सगळ्यांनी वर करायचे. वडील उजव्यांना उठवायचे. साहेब खूश होऊन चहा पिऊन जायचे. मी कायम उजवी. पहिल्या बाकावर, दोन वेण्या घालून, साहेबांनी प्रश्न पुरा करायच्या आत उत्तर. तपासणी म्हटलं की माझ्या अंगात आजही वेण्या संचारतात.

बाईंना न सांगता मी तिघींना गोळा केलं. तपासणीची हकिगत ऐकवली. वाटलं होतं, जर्मन बायका, नाकं मुरडतील. छे. एकदा योजना दिसली की ही माणसं आपल्यालाही मागे टाकतात. दंतवैद्य बाईने त्याच संध्याकाळी सरावाचा तक्ता पाठवला, चौघींच्या नावाला चार रंग. बंदिस्त हॉल घेतला. चेंडू टाकायला आमच्या ह्यांना उभं केलं. हे गाड्यांच्या गिअरबॉक्सचे इंजिनीअर. प्रत्येक चेंडू त्यांनी एकाच उंचीवर टाकला. नऊ वेळा सराव केला. नवव्या वेळी बेकरीवालीचे डोळे उघडे राहिले, तेव्हा मी तिला मिठी मारली.

परीक्षा मार्चमध्ये, तासाभरावरच्या एका हॉलमध्ये होती. परीक्षक उंच, सौम्य, हातात फळी आणि तीवर कागद. बाईंनी जाळ्यापाशी उभं करून मला पहिला चेंडू टाकला. मी व्हॉली मारली. सुरेख. बाईंच्या भुवया थोड्या वर गेल्या. दंतवैद्य, सुरेख. कारकून, सुरेख. बेकरीवालीने डोळे उघडे ठेवून अशी व्हॉली मारली, की शेजारच्या कोर्टावरचा माणूस थांबला.

“गूट,” म्हणजे छान, बाई म्हणाल्या. मग पुन्हा, “गूट.”

त्यांनी चेंडू अवघड टाकले. आम्ही तेही मारले. त्यांनी पायांकडे बघितलं. पाय तक्त्याबरहुकूम होते. अकरा मिनिटांत बाईंकडचं बोलणं संपलं. उरलेली नऊ मिनिटं आम्ही चार यंत्रं चेंडू परतवत राहिलो आणि बाई त्यांच्या आयुष्यात कदाचित प्रथमच कोर्टावर हात खाली सोडून उभ्या राहिल्या. मी मात्र आनंदाने फुलून गेले होते. परीक्षकांनी विचारलं, या खरंच नवशिक्या आहेत का? मी अभिमानाने सांगितलं, हो, चौघीही.

बाई नापास झाल्या.

कागदावर लिहिलं होतं: चुका दुरुस्त करण्याची क्षमता तपासता आली नाही. मी परीक्षकांना पार्किंगमध्ये गाठलं. चांगलं शिकवलं म्हणून नापास करण्याचा हा कुठला न्याय, असं मी त्यांना तीन प्रकारे विचारलं, तिन्ही वेळा व्याकरण चुकवून. ते थांबले, फळी काखेत धरली.

“मला शिकवताना काही दिसलं नाही,” ते म्हणाले. “शिकवलेलं दिसलं. ते कुणी शिकवलं, मला माहीत नाही.”

मी चौथ्यांदा व्याकरण चुकवायच्या आत ते गाडीत बसले, याचा मला आजही राग आहे.

परतताना गाडी मी चालवत होते. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. दहा किलोमीटरांनंतर मी सगळं सांगितलं: हॉल, तक्ता, आमचे हे, विस्तार अधिकाऱ्यांची जीपसुद्धा.

“किती वेळा?” बाईंनी विचारलं.

“नऊ.”

त्यांनी गळ्यातली साखळी बोटाभोवती गुंडाळली. मग जे बोलल्या ते मी त्यांच्या मोडक्या जर्मनमधून सरळ करून लिहिते. “दोत्तोरेस्सा, सोमवारी स्पर्धा सुरू होते. पुष्कळ बायका असतात. रविवारी फक्त एक अशी उरते, जी हरलेली नाही. बाकी सगळ्या आगगाडीत असतात आणि आपलं काय चुकलं याचा विचार करत असतात. मी वीस वर्षं त्या आगगाडीत होते. रविवारपर्यंत मी दोनदा पोचले, दोन्ही वेळा हरले. मला एकच गोष्ट कुणाहीपेक्षा जास्त कळते, चूक. कुठे सुरू होते, कशी लपते. आणि तू आज माझ्यासमोर चूकच ठेवली नाहीस.”

मी गाडी एका पेट्रोल पंपावर उभी केली आणि उगाच काच पुसली. नऊ वर्षांची असताना तपासणीच्या दिवशी डावा हात वर करणारी माझ्या बाकावरची मुलगी मला आठवली. तिला कधी कुणी उठवलं नाही, म्हणून तिला काय येत नव्हतं ते कुणालाच कळलं नाही. तिच्याबद्दल तोवर मी एकदाही विचार केला नव्हता. आणि मग मला स्वतःचा असा राग आला, की कार्यालय, फ्रिस्ट, गेनाऊ, सगळे त्यापुढे फिके.

फेरपरीक्षा एकदाच देता येत होती. तारीख मिळाली एप्रिलच्या मध्यातल्या रविवारची, आमच्याच कोर्टावर. त्याच रविवारी कोलोनला जयंतीचा कार्यक्रम होता आणि तिथे माझं भाषण ठरलेलं. मी संयोजकांना फोन करून सांगितलं, एका बाईंचं घर जाऊ शकतं आणि त्यात माझा हात आहे. ते म्हणाले, मग भाषण पुढच्या वर्षी करा, घर आधी.

बाईंनी फर्मान काढलं: परीक्षेपर्यंत चौघींपैकी कुणी रॅकेटला हात लावायचा नाही. विषय आला सर्व्हिसचा. चेंडू डोक्यावर उडवून मारायचा तो पहिला फटका, आणि त्यात आम्हा चौघींची दाणादाण ठरलेली. मी रात्री जेवताना ह्यांना म्हटलं, काळजी नाही, मी चेंडू मागे उडवीन, दंतवैद्य बाई पाय चुकवेल.

“अगं,” हे म्हणाले, “तुला चुकायला सांगितलं तर तू चुकासुद्धा पाठ करून जाशील.”

“अहो, मी फक्त विचार करत होते.”

“तक्ता आला का?”

तक्ता आला होता. चार रंगांत, कुणी कोणती चूक किती वेळा करायची ते. तो मी त्यांच्या डोळ्यांदेखत फोनमधून काढून टाकला.

परीक्षेच्या सकाळी बाईंनी स्वतः कोर्टावर पाणी मारलं, झाडायचं जाळं ओढून माती सारखी केली. तेच सौम्य परीक्षक आले. आम्हाला ओळखून त्यांनी जरा सावधपणे मान हलवली.

माझा पहिला चेंडू मी इतका मागे उडवला, की तो माझ्याच टाचेवर पडला. शपथेवर सांगते, हे ठरवलेलं नव्हतं. दुसरा जाळ्याच्या तळाशी. तिसरा हवेतच राहिला, मी त्याच्याखालून रॅकेट फिरवली. बेकरीवालीने डोळे मिटले. दंतवैद्याने चेंडू उडवला आणि पकडला, उडवला आणि पकडला. परीक्षक लिहू लागले आणि त्यांनी पान उलटलं.

बाई पुढे आल्या. हात पाठीशी बांधून आमच्यामधून हिंडल्या. त्यांचे गुडघे वाजत होते. मग बेकरीवालीला त्यांनी डोळे मिटूनच चेंडू उडवायला आणि पकडायला लावला, तीन वेळा, आणि चौथ्या वेळी म्हणाल्या, आता उघड. चेंडू पलीकडे गेला. दंतवैद्याच्या हातातून रॅकेट काढून घेतली आणि चेंडू नुसत्या तळहाताने मारायला लावला. आणि मग माझ्यापाशी येऊन एका बोटाने माझी हनुवटी वर केली.

“वर बघत राहा. तू लवकर खाली बघतेस. फटका अजून झालेला नसतो आणि तू टाळ्या ऐकायला निघतेस.”

एवढं खरं मला आजवर कुणी बोललं नव्हतं, माझ्या आईनेही नाही. मी वर बघितलं. चुकला. पुन्हा. चुकला. वीस मिनिटं संपल्याची खूण परीक्षकांनी केली, पण बाईंनी पाठ फिरवली होती. एकविसाव्या मिनिटाला जाळ्यात. बाविसाव्याला बाहेर. परीक्षकांनी घड्याळ दाखवलं. बाईंनी बोट माझ्या हनुवटीवरून हलवलं नाही. चोविसाव्या मिनिटाला चेंडू पलीकडच्या चौकोनात पडला आणि लाल मातीत त्याची छोटी लंबगोल खूण उमटली. बाई जाळ्यापलीकडे गेल्या, खूण बघितली, आणि मगच परीक्षकांकडे वळल्या.

बाई पास झाल्या. श्रेणी: आउसराइखेंड, म्हणजे पुरेसं. पास होण्यातली सर्वांत खालची पायरी. चुका दुरुस्त करण्याला सर्वोच्च गुण होते; ते सगळे वेळेची मर्यादा मोडली म्हणून कापले गेले. चार मिनिटं! माझ्या एका सर्व्हिसपायी! बाईंनी तो कागद क्लबहाउसमध्ये, खेळून झाल्यावर कोर्ट झाडावे या सूचनेच्या शेजारी, टाचणीने लावला आणि वर जाऊन कॉफी केली. माडीवर त्या अजून राहतात.

मी वर्ध्याला फोन केला. वडील आता चौऱ्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं. मी सगळं सांगितलं, तपासणीची कबुली गाळून. श्रेणीचा अन्यायही सांगितला.

“कागद भेटला ना?” ते म्हणाले.

“भेटला, पण बाबा…”

“त्यावर सही आहे ना? मग आता बाईला म्हणा, आरामात शिकवा.”

आरामात! मी तीन पानी विडरश्प्रुख लिहिलं. विडरश्प्रुख म्हणजे निर्णयाविरुद्धची हरकत. ती घ्यायचा हक्क या देशात प्रत्येकाला आहे आणि मला तो फार आवडतो. मजकूर मुलीकडून तपासून घेतला, तिने सगळी चुकलेली लिंगं दुरुस्त केली आणि जर्मनमध्ये विचारलं, की आई, हे बाईंना माहीत आहे का.

म्हणून बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तिन्ही पानं वाचली. पोटाचा उल्लेख असलेल्या ओळीवर थांबल्या. मग घडी घालून मला परत दिलं आणि म्हणाल्या, पोस्टात टाकायचं तर टाक, पण मग मंगळवारी दुसरीकडे शिकायला जा, इथे तिसऱ्या कोर्टावर तुझी सर्व्हिस बाकी आहे.

सर्व्हिस अजून दहातली चार वेळा जाते. हनुवटी खाली येते, काय करणार. पत्र माझ्या रॅकेटच्या पिशवीत आहे, चेंडूंच्या डब्याखाली, पाकिटावर तिकीट लावलेलं. हरकत घ्यायची मुदत कधीच संपली. मी शांत झाले असं मात्र कुणी समजू नये.